टप्पा

केएमटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो,
म्हणून इंगवले सरांनी स्कोअरचा कागद माझ्याकडं दिला.
'मास्तर, तुमचं अक्षर बारीक,
आणि हलत्या गाडीत लिहायची सवय.'
मी म्हटलं, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.
'तिकिटं फाडलीत न्हवं? कळंल.'

सकाळी सहा ते आठ गांधी मैदान पोरींचं.
आठनंतर फुटबॉल. मग तिथं दुसऱ्या देवाला जागा नाही.

चुन्याच्या चार खुणा. त्यांना मी माझी नावं दिली:
घर म्हणजे गंगावेश,
पहिला बेस मिरजकर तिकटी,
दुसरा बिंदू चौक, तिसरा दसरा चौक,
आणि फिरून गंगावेश.
सिंगल म्हणजे एका टप्प्याचं तिकीट.
डबल, बिंदू चौकापर्यंत.
ट्रिपल क्वचित,
दुपारी तीनच्या गाडीत बसायला जागा मिळावी तसं.
आणि होमरन?
चेंडू भिंतीपलीकडं कुणाच्या पत्र्यावर वाजू दे,
तरी चारही थांब्यांना पाय लावायचा.
एक चुकला तर आउट.
हा नियम मला लगेच पटला.

मग चेंडूची चाल शिकलो.
लाइन ड्राइव्ह : छातीच्या उंचीनं, सरळ,
मधी कुणाला बोलू न देणारा.
ग्राउंडर जमिनीला विचारत जातो,
कुठल्या खड्याचं ऐकेल सांगता येत नाही.
पॉप फ्लाय नुसता वर. सगळे माना वर करून बघतात,
आणि खाली येतो तो कुणाच्या तरी ग्लोव्हमध्ये.
आमच्या युनियनची भाषणं अशीच असायची.
ब्लूपर मात्र लबाड.
बॅटच्या कडेला कसाबसा लागून
दोन पोरींच्या बरोबर मधी पडतो,
आणि त्या दोघी चेंडू सोडून एकमेकींकडं बघतात.
तोही हिट.
कसा लागला, हे कागद विचारत नाही.

पण हातात येऊन सुटला, तर एरर.
हिट की एरर, ते ठरवणार मी.
तेजल चौगुलेच्या हातून पहिल्यांदा सुटला
तेव्हा पेन्सिल हातात धरून बसून राहिलो.
सुट्ट्या पैशांचा घोळ असता
तर खिशातून भरून मोकळा झालो असतो.

इचलकरंजीशी मॅच. शेवटची इनिंग, बरोबरी.
एक आउट, दसरा चौकात तेजल उभी.
बॅटवर शाहीन मुजावर.
सरांनी कानाला हात लावला, मग टोपीला.
शाहीननं बॅट आडवी धरली,
झोपलेल्या पोराच्या अंगावर हात ठेवावा
तसा चेंडूला नुसता हात लावला.
बंट.
चेंडू चार पावलं गेला आणि थांबला.
पिचरनं उचलला, पहिल्या बेसला फेकला,
शाहीन मिरजकर तिकटीच्या दोन हात अलीकडं आउट.
तोवर तेजल गंगावेशीत.

पोरींनी तेजलला उचललं.

शाहीन माझ्याजवळ आली, गुडघ्याला चुना लागलेला.
'काका, माझं किती?'
शून्यापैकी शून्य.
'असं कसं? मी बॅट घेऊन उभा राहिलो की!'
मी म्हटलं, याला सॅक्रिफाइस म्हणतात.
हिटमध्ये धरत नाहीत, आणि खेळलेल्या पाळीतही नाही.
'म्हणजे मी आलोच न्हाई?'

काय सांगणार.
म्हटलं, पासवाल्यांसारखं बघ.
त्यांचं तिकीट फाडत नाही, हिशेबात रुपया नाही,
पण गाडीत माणूस असतो.
'पास दाखवाय लागतो, काका.'

मग मी कागद तिच्याकडं फिरवला.
तिच्या नावापुढच्या चौकोनात
पेन्सिल दाबून लिहिलं होतं : एक-तीन.
पिचरकडून पहिल्या बेसला.
ती वाकून बराच वेळ बघत राहिली.
मग बॅटा गोळा करायला गेली.

आठ वाजत आले होते.
फुटबॉलवाले चुना तुडवत आत येत होते.